किमान सहा

माझ्या कमरेला एकोणीस किल्ल्या आहेत.
त्यातली एक कशाची, गावात कुणालाच ठाऊक नाही.
माझ्याआधी या खुर्चीवर बसलेल्या डोरीनलाही नव्हतं.
जुडगा हातात देताना ती एवढंच म्हणाली,
"हरवू नकोस. कधी लागेल सांगता येत नाही."

कागदावर माझं पद एका ओळीत मावत नाही.
फोनवर मात्र लोक विचारतात,
"हॉलवाली बाई का?"
हो. बोला.
स्केटिंगचं मैदान शनिवारी किती वाजता उघडणार,
लग्नासाठी दोनशे खुर्च्या मिळतील का,
धाकट्याचा निळा हातमोजा सापडला का.
सापडलाय.
माझ्या खोक्यात निळे हातमोजे अकरा आहेत,
आणि अकराही डाव्या हाताचे.

सस्कॅचवानच्या सपाटीवर आमचं आठशे वस्तीचं गाव.
जानेवारीत उणे चौतीस.
गाडीची बॅटरी रात्री घरात आणून ठेवतात,
माणसं मात्र आपापल्या घरात, एकेकटी.
त्यांना बाहेर काढायचं, हे माझं काम.
त्याचा नियम एकच:
किमान सहा नावं. नाहीतर वर्ग रद्द.

मंगळवार, दुपारी दोन. खुर्चीवर बसून व्यायाम.
नाव आलं एक.
वॉल्टर प्रिस्तूपा, वय ब्याऐंशी,
उभा जन्म धान्याच्या कोठारावर काट्याशी गेलेला.

रद्द झाल्याचा फोन मी तीनदा फिरवला
आणि तीनदा खाली ठेवला.
मग पेन घेतलं.
बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवणारा रेमंड,
तसाही तो दोन ते तीन बॉयलरपाशी डुलक्या घेतो.
लायब्ररीतली मारिव्हिक, डबा खाऊन झाला की रिकामीच.
माझी आई. तिला विचारलं नव्हतं.
मी.

वॉल्टर आला. कोट काढला, टोपी काढली,
चष्मा पुसून हजेरीपट पाहिला.
"पाचच भरतात," म्हणाला.
गव्हाचं पोतं हाताने उचलून
ओलावा सांगणारा माणूस तो, त्याला काय फसवणार?
त्याने माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि सावकाश, अक्षर न हलू देता लिहिलं:
स्टेफा प्रिस्तूपा.

स्टेफाला ऑक्टोबरात पुरलं होतं,
जमीन गोठायच्या आधी, घाईघाईने.
तिच्या दिवसाची बटाट्याची भांडी
याच हॉलच्या सिंकमध्ये मी घासली होती.
"उशिरा येईल," वॉल्टर म्हणाला,
"वेळेवर कधी आलीय?"

मी सहा खुर्च्या मांडल्या.

नगरपालिकेच्या बैठकीत मिसेस थॉर्वाल्डसन
बोट फिरवत आल्या आणि मंगळवारवर थांबल्या.
"उपस्थिती सहा. दर आठवड्याला. बरोब्बर सहा?"
"बरोब्बर सहा," मी म्हणाले.
माझे कान तापले.
खोटं बोलायचा मला सराव नाही,
आणि हे नक्की किती टक्के खोटं,
तेही मला अजून काढता आलेलं नाही.

मार्चमध्ये बर्फ कडेकडेने काळं पडायला लागलं
तेव्हा नाव नोंदवायला खरीखुरी बाई आली,
पेट्रोल पंपाच्या मागे राहणारी, गुडघे दुखणारी.
तोवर रेमंड खरंच हात वर करायला लागला होता,
बूट न काढता, पण करायला लागला होता.
आई तर आता मलाच उशीर झाला म्हणून बोलते.
म्हणजे खरी माणसं सहा झाली.

वॉल्टरला बाजूला घेऊन मी हळूच विचारलं,
आता ते एक नाव काढू का?
त्याने हजेरीपटाकडे पाहिलं,
काट्याकडे पाहत असेल तसं, एक डोळा बारीक करून.
"राहू दे. माप जरा झुकतंच असावं."

आता मंगळवारी सात खुर्च्या मांडते.
तीन वाजता सहा घडी घालून भिंतीला लावते.
सातवी उचलायच्या वेळी
हमखास फोन वाजतो.